परदेशी राहायला जाताना ट्यूब ॲम्प सोबत न्यावा का?

सातवा_फ्रेट

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांत मुक्काम हलतोय. निदान पाच वर्षं तरी परत यायचं नाही हे ठरलेलं आहे. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंची सोय लागली. काही वाटल्या, काही विकल्या, पुस्तकं बहिणीकडे गेली. एकच वस्तू अजून कोपऱ्यात तशीच उभी आहे, तिच्यासाठी हा धागा.

१५ वॅटचा गिटारचा ट्यूब काँबो आहे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. ट्यूब पाच: दोन ईएल८४, तीन १२एएक्स७. एक १२ इंची स्पीकर, आत स्प्रिंग रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी स्प्रिंगची पेटी). वजनकाट्यावर १७ किलो भरला. मागच्या पट्टीवर '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ८० वॅट' असं छापलंय. जाणार आहे तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ.

ज्याला विचारावं तो 'विकून टाक, तिकडे दुसरा घे' म्हणतो. हिशोबाने ते बरोबर असेलही. पण हा ॲम्प मी अकरा वर्षं वाजवतेय. व्हॉल्यूम चारच्या जरा पुढे नेऊन जाड तार सावकाश छेडली की सूर आधी गोल येतो आणि मग कडेने खरखरीत होत जातो. तीच तार हलक्या हाताने छेडली की पुन्हा स्वच्छ. माझा उजवा हात या ॲम्पवर घडलाय. चालू केल्यावर येणारा त्याचा बारीक हमसुद्धा ओळखीचा आहे: जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटपेक्षा किंचित चढा. मी कधीकधी गिटार हातात घ्यायच्या आधी तो सूर गुणगुणते.

तर विचारायचं हे, की नुसता ट्रान्सफॉर्मर मधे लावून काम भागेल का? ५०चे ६० हर्ट्झ झाल्याने काही बिघडतं का? आणि न्यायचाच असेल तर कसा न्यावा? ज्यांनी स्वतः नेला किंवा आणला आहे त्यांनी जरूर लिहा.

हेडफोनवाला

मी मुक्काम हलवला तेव्हा विकला आणि मॉडेलर (ट्यूब ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घेतला. माझा अनुभव सांगतो. त्याच्या मागे '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असतं, म्हणजे आत दोन्हीकडची वीज चालवून घेणारा स्विच मोड पॉवर सप्लाय आहे. दोन देश बदलले, फक्त वायर बदलली. हँडबॅगेत मावतो, रात्री हेडफोन लावून वाजवता येतो, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची झोप मोडत नाही. नव्या जागी घर कसं मिळेल, भिंती किती पातळ असतील, हे तुम्हाला आज ठाऊक नाही. माझ्यासाठी निर्णायक मुद्दा तोच होता.

ट्यूबची सर येते का, तर रेकॉर्डिंगमध्ये मला फरक कळत नाही. खोलीत उभं राहून वाजवताना कळतो. तुम्ही उजव्या हाताबद्दल जे लिहिलंय ते वाचून वाटतं की तुम्हालाही कळेल.

नवी_पिक

प्रवासात न्यायचे छोटे कन्व्हर्टर मिळतात ना, हेअर ड्रायर आणि इस्त्रीसाठी? त्यावर '१६०० वॅट' लिहिलेलं असतं. तुमचा ॲम्प तर ८० वॅटचाच. तो चालणार नाही का?

सोल्डरगन

@नवी_पिक, नाही. आणि हे ठामपणे लिहितोय, कारण या एका समजुतीपायी जळालेले ॲम्प मी टेबलावर उघडले आहेत.

तीन वेगळ्या वस्तूंची लोक गल्लत करतात. पहिली प्लग ॲडॉप्टर: ती फक्त पिनांचा आकार बदलते, व्होल्टेजला हातही लावत नाही. दुसरी तुम्ही म्हणताय तो हलका कन्व्हर्टर: आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने विजेच्या लहरीचा तुकडा कापला जातो आणि सरासरी कमी केली जाते. हेअर ड्रायरमध्ये नुसती तापणारी तार असते, तिला लहरीचा आकार कसाही चालतो. ट्यूब ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला पूर्ण, गोल लहर लागते. कापलेली लहर दिली तर तो गरम होतो, गुरगुरतो, आणि त्या लहरीचं टोक मूळ २३० व्होल्टच्या लहरीइतकंच उंच राहू शकतं. शिवाय हे कन्व्हर्टर बहुधा २३०चे १२० करतात, धागाकर्तीला उलटं हवंय. तिसरी वस्तू खरा ट्रान्सफॉर्मर: लोखंडी गाभा, तांब्याचं वाइंडिंग, हातात घेतला की जड. ट्यूब ॲम्पसाठी विचार करायचा तो फक्त याचा.

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे.

भिंतीतली वीज ॲम्पमध्ये शिरली की पहिल्यांदा भेटतो तो पॉवर ट्रान्सफॉर्मर. तो त्या विजेतून दोन गोष्टी तयार करतो. ट्यूबच्या आतली बत्ती तापवायला ६.३ व्होल्ट, आणि ट्यूबच्या प्लेटला द्यायला तीनशेच्या वरचं उच्च दाबाचं व्होल्टेज. पुढच्या सगळ्या सर्किटला बाहेर कुठला देश आहे याचा पत्ताच नसतो. म्हणून 'माझा ॲम्प तिकडे चालेल का' हा प्रश्न खरं तर एकाच भागाबद्दलचा आहे: त्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे भिंतीकडची वाइंडिंग, कशी गुंडाळली आहे?

तिथे तीन शक्यता असतात. काही ॲम्पना मागेच व्होल्टेज सिलेक्टर असतो, जुन्या ब्रिटिश ॲम्पवर तो सर्रास दिसतो. काहींना बाहेर सिलेक्टर नसतो, पण आतल्या ट्रान्सफॉर्मरला १००, १२०, २३०, २४० असे अनेक टॅप, म्हणजे प्रत्येक व्होल्टेजसाठी बाहेर काढलेल्या वेगळ्या वायरी, असतात. कारखान्यात एक जोडतात आणि बाकीच्या वायरी टोपी घालून बांधून ठेवतात. तिसऱ्या प्रकारात एकाच व्होल्टेजचं वाइंडिंग असतं. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेल्या बऱ्याच ॲम्पमध्ये हाच प्रकार आढळतो. तुमचा २३०वाला आहे, म्हणजे निर्यातीचा अनेक टॅपवाला ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता बरी आहे. तसं असेल तर बाहेर कुठलाही डबा लावायची गरज नाही. वायर एका टॅपवरून दुसऱ्यावर नेऊन सोल्डर करायची, फ्यूज बदलायचा, पट्टीवर नवं व्होल्टेज लिहायचं. तासाभराचं काम.

पण कृपा करून हे स्वतः करू नका. प्लग काढला तरी आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. आणि वायरीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कारखान्याची रंगांची रीत वेगळी असते. त्या मॉडेलचा सर्किट नकाशा हातात असल्याशिवाय सोल्डरिंग गन तापवू नये. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये टॅप नसून दोन सारखी वाइंडिंग असतात: २३०साठी एकापाठोपाठ एक आणि १२०साठी समांतर. समांतर जोडताना एकाचं तोंड उलटं लागलं तर ती दोन वाइंडिंग एकमेकांविरुद्ध लढतात आणि क्षणात फ्यूज जातो. त्यातही फ्यूज कोणी चुकीचा घातला असेल तर ट्रान्सफॉर्मर जातो.

सामानसुमान

वाचनखूण साठवली. सोल्डरगन, फ्यूजबद्दल जरा विस्ताराने लिहाल का? तो का बदलायचा?

सोल्डरगन

ॲम्पला लागणारी ताकद तीच राहते, व्होल्टेज निम्मं झालं की करंट दुप्पट होतो. २३०वर अर्ध्या अँपियरचा फ्यूज असेल तर १२०वर तो लगेच उडेल, तिथे एक अँपियरचा लागतो. उलट दिशेने जाणाऱ्याने हे जास्त लक्षात ठेवावं: १२०चा एक अँपियरचा फ्यूज तसाच ठेवून २३०वर गेलात तर संरक्षण निम्मं होतं आणि ॲम्प काही बोलत नाही, चालत राहतो. दोन्हीकडे फ्यूज 'टी' खुणेचा, म्हणजे सावकाश उडणारा असावा. चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर बराच करंट ओढतो, चपळ फ्यूज त्यातच जातो. नेमका आकडा बहुतेक वेळा मागच्या पट्टीवर दोन्ही व्होल्टेजसाठी छापलेला असतो.

परतीचा_प्रवासी

माझी दिशा तुमच्या उलट होती. नऊ वर्षं १२० व्होल्टच्या देशात राहून २३०च्या देशात आलो, सोबत फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असा शिक्का असलेला ट्यूब ॲम्प. मी शहाणपणाने वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला, क्षमता (व्हीए) भरपूर, अर्थिंग नीट. पहिल्या दिवशी सुंदर वाजला. मला वाटलं, झालं काम.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी दीड तास वाजवत होतो. आधी वास आला, गरम वॉर्निशचा, जुना पंखा जास्त वेळ चालला की येतो तसा. ॲम्पच्या मागे हात नेला तर ट्रान्सफॉर्मरच्या टोपीवर हात टेकवेना. बाहेरचा स्टेप-डाउन मात्र कोमट. घाईने बंद केला. दुसऱ्या दिवशी फ्यूज गेला, नवा घातला तोही गेला. आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर संपला होता.

कारण मला नंतर समजलं. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलू शकत नाही. आत शिरताना ५० हर्ट्झ, बाहेर पडताना ५०च. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर किती चुंबकीय ताण पडतो हे व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशोबावर ठरतं. १२० भागिले ६० म्हणजे २. माझ्याकडे भिंतीतून २४० यायचे, निम्मे केले की १२०, भागिले ५० म्हणजे २.४. ताण वीस टक्क्यांनी वाढला. ज्या कारखान्याने लोखंड काटकसरीने घातलंय तिथे एवढी वाढ पुरते: गाभा भरून जातो, करंट वाढतो, तांबं तापतं.

दोन्ही फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला आणि आता ॲम्प थेट २३०वर चालतो, काही तक्रार नाही. पण मूळ ट्रान्सफॉर्मर गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. मागच्या पट्टीवर नुसतं '६० हर्ट्झ' लिहिलंय हे मी रोज बघत होतो.

धागाकर्त्या ताईंना यात चिंतेचं कारण नाही. ५०साठी केलेला ट्रान्सफॉर्मर ६०वर उलट निवांत असतो, गाभ्यावरचा ताण कमी होतो. ५०वरून ६०कडे जाणारा सुखी, ६०वरून ५०कडे येणाऱ्याने पट्टी वाचावी.

निळा_सूर

उत्तम प्रतिसाद. जपानला जाणाऱ्यांसाठी भर घालतो. तिथे व्होल्टेज १०० आहे, म्हणजे १२०चा ॲम्पही थोडा उपाशी राहतो. आणि एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी: पूर्वेला, तोक्योकडे ५०, पश्चिमेला, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ती विभागणी आजवर टिकली. म्हणजे ६० हर्ट्झवाला ॲम्प ओसाकात ठीक आणि बदली तोक्योला झाली की परतीचा_प्रवासी यांच्यासारखी गत. दक्षिण कोरियात २२० व्होल्ट पण ६० हर्ट्झ. म्हणून '२२०चा देश म्हणजे ५०' असं धरून चालू नये, दोन्ही आकडे वेगवेगळे तपासावेत.

जुने युरोपीय ॲम्प असतील त्यांच्यासाठी आणखी एक. १९९०च्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये २४० आणि बाकी युरोपात २२० असं असायचं, मग दोन्हीकडे २३० हा एक आकडा ठरला. जुन्या ॲम्पवर २२० आणि २४० असे दोन टॅप दिसले तर भिंतीतलं व्होल्टेज मीटरने मोजून बघावं. २२०च्या टॅपवर २४० दिले तर आत सगळंच नऊ टक्के चढतं, ट्यूब लवकर थकतात.

हेडफोनवाला

५०चे ६० झाले की टोन बदलतो असं एका वादकाकडून ऐकलं होतं. खरं आहे का?

सोल्डरगन

ट्रान्सफॉर्मर धडधाकट असेल तर गिटारचा सूर बदलत नाही. बदलतो तो हम. भिंतीतली लहर आत सरळ करताना तिची दुप्पट फ्रिक्वेन्सी उरते: ५०च्या देशात १०० हर्ट्झ, ६०च्या देशात १२०. फिल्टर कपॅसिटर ती जवळजवळ पुसून टाकतात, जे थोडं राहतं तो तुमचा हम. जाड तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झचा असतो, म्हणून धागाकर्तीला तो 'किंचित चढा' ऐकू येतो. कान फार चांगला आहे. १२० हर्ट्झ त्याच तारेच्या सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या बरोबर मधे पडतो.

सातवा_फ्रेट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं.

काल टॉर्च घेऊन मागच्या जाळीतून आत बघितलं, प्लग काढून, कशालाही हात न लावता. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तीन वायरी एकत्र बांधलेल्या दिसल्या, टोकांना काळी नळी चढवलेली. एक लाल, एक तपकिरी, एक पांढरी. सोल्डरगन, हेच ते टॅप का? चुकून तसं असलं तर किती बरं होईल. ओळखीच्या तंत्रज्ञाकडे उद्या नेतेय.

आणि हेडफोनवाला, तुमचं पटतंय. नव्या जागी पहिले सहा महिने मोठ्याने वाजवता येणारच नाही बहुधा. पण म्हणून विकायला मन धजत नाही.

जुना_पेटारा

विकू नका. मी विकला होता. तिकडे जाऊन त्याच मॉडेलचा दुसरा घेतला, त्याच वर्षी बनलेला. तो वाईट नव्हता. पण स्पीकर बारा वर्षं एकाच हाताखाली वाजून सैल होतो, तसा तो झालेला नव्हता.

मधली_तार

एक वेगळा पर्याय सुचवते. काँबो म्हणजे एका लाकडी पेटीत ॲम्प आणि स्पीकर दोन्ही. विजेचा संबंध फक्त ॲम्पच्या चेसिसशी (सर्किट बसवलेल्या धातूच्या डब्याशी) येतो. स्पीकरला देश नसतो, ८ ओहम सगळीकडे ८ ओहमच. पेटी फार जड असेल तर नुसतं चेसिस आणि स्पीकर न्यावेत आणि पेटी तिकडे नव्याने बनवून घ्यावी. माझ्या ओळखीत एकाने असं केलंय. १७ किलोसाठी कदाचित गरज नाही, पण ज्यांच्याकडे दोन स्पीकरवाला २९-३० किलोचा काँबो किंवा ३६ किलोचं चार स्पीकरवालं कॅबिनेट आहे त्यांनी जरूर विचार करावा. मोठं कॅबिनेट समुद्रापार नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. फक्त एवढं पाळा: स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब ॲम्प कधीही चालू करून वाजवू नये, नुसतं बघण्यासाठीही नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अवांतर: ॲम्प समुद्रापार नेणं महाग आणि अवघड होतं म्हणून तर मार्शल ॲम्प जन्माला आला. १९६०च्या सुमारास लंडनमध्ये अमेरिकन ॲम्प आणायचा तर खिसा रिकामा व्हायचा. जिम मार्शल यांच्या दुकानात येणाऱ्या वादकांना फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बेसमन ॲम्पसारखा आवाज हवा होता, म्हणून १९६२मध्ये त्यांच्या माणसांनी बेसमनचंच सर्किट घेऊन जेटीएम४५ बनवला. पण सुटे भाग ब्रिटनमध्ये सहज मिळतील ते घातले, आणि दहा इंची चार अमेरिकन स्पीकरऐवजी बारा इंची सेलेशन. नकाशा जवळपास तोच, आवाज मात्र निराळा निघाला, पुढे रॉकचा आवाज म्हणून जगाने ओळखला तो. मला ही गोष्ट फार आवडते.

सामानसुमान

माझं काम माल पाठवण्याचं आहे, त्यामुळे बांधणीबद्दल लिहितो. इथे हयगय झाली तर वरची सगळी चर्चा वाया जाईल.

विमानाने सोबत न्यायचा असेल तर बहुतेक कंपन्यांची साध्या तिकिटावरची मर्यादा एका नगाला २३ किलो असते, जादा भरून ३२पर्यंत जाता येतं, त्यापुढे तो नग सामान म्हणून घेतच नाहीत. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. तुमचा १७ किलोचा काँबो कठीण केससह या चौकटीत बसू शकेल, आधी फितीने मोजा. पण सामान फेकलं जातं हे गृहीत धरूनच बांधायचं.

ट्यूब काढा. शील्ड असेल तर ती काढा, ट्यूब सरळ वर ओढा, हलकेच गोल गोल झुलवत. प्रत्येकीवर जागेचा क्रमांक लिहिलेला कागद गुंडाळा, कारण जुळवून बसवलेली जोडी त्याच जागी परत गेलेली बरी. काचेला मार्करने काही लिहू नका. मग बबल रॅप, मग छोटा खोका, आणि तो तुमच्या हातातल्या पिशवीत.

आता काँबोच्या आतली खरी जड वस्तू: स्पीकरचं चुंबक आणि दोन ट्रान्सफॉर्मर. पेटी आपटली की धक्का तिथे बसतो. चेसिसचे स्क्रू आणि स्पीकरचे नट घट्ट आहेत का बघून घ्या. स्पीकरच्या मागे मोकळी जागा राहते तिथे स्पंजाचे तुकडे हलकेच भरा, कोनला दाब पडता कामा नये. रिव्हर्बची पेटी आत स्प्रिंगवर लोंबत असते, तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा म्हणजे ती डुलणार नाही. जुळवाजुळवीच्या वेळी ती काढायची हे लाल कागदावर लिहून पेटीत ठेवा, विसरायला होतं. मग ॲम्पला प्लास्टिक, त्यावर चारी बाजूंनी किमान दोन इंच जाड फोम, आणि दुहेरी खोका. थर्माकोलचे सुटे गोळे वापरू नका, जड वस्तू त्यातून हळूहळू तळाला जाते.

समुद्रमार्गे लाकडी खोक्यात पाठवत असाल तर एक नियम ठाऊक हवा. आयएसपीएम १५ म्हणतात त्याला. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर उष्णतेची प्रक्रिया लागते, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं, किंवा धुरी. तसा शिक्का लाकडावर मारलेला असतो. शिक्का नसलेला खोका बंदरावर अडकतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही, म्हणून मी नेहमी प्लायवूडच सांगतो. तुमच्या ॲम्पची स्वतःची पेटी पॅकिंगमध्ये मोडत नाही, तिची काळजी नको.

हवाई कार्गोने पाठवणार असाल तर आत स्पीकर आहे हे आधीच सांगा. मोठ्या चुंबकांसाठी तिथे वेगळे नियम आहेत आणि आयत्या वेळी नग खाली उतरवून ठेवतात.

नवी_पिक

माझ्या गिटारचा फ्रेटबोर्ड रोझवूडचा आहे. तो अडवतात असं ऐकलं.

सामानसुमान

२ जानेवारी २०१७पासून सगळ्या रोझवूडवर साइट्सची (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागायची, तेव्हाची ती धास्ती आहे. २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अपवाद ब्राझिलियन रोझवूडचा, त्यावरचं बंधन १९९२पासूनचं आहे आणि आजही कडक आहे. जुनी महागडी गिटार असेल तरच तपासा.

निळा_सूर

कस्टमबद्दल थोडं. कायमचं राहायला जाणाऱ्याच्या वापरलेल्या घरगुती वस्तूंना बहुतेक देशांत करातून सूट असते, पण अटी वेगळ्या. युरोपीय संघात ती वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरात हवी, तुम्ही बारा महिने संघाबाहेर राहिलेले हवेत, आणि आणल्यावर वर्षभर ती विकता येत नाही. अमेरिकेत घरगुती वस्तू एक वर्ष वापरलेली हवी, आणि सामान मागाहून येत असेल तर ३२९९ क्रमांकाचा अर्ज भरतात. ब्रिटनमध्ये टीओआर१ हा अर्ज निघण्याआधीच करायचा असतो. म्हणजे 'तिकडे महाग मिळेल' म्हणून जाण्याच्या आदल्या आठवड्यात नवा ॲम्प घेऊन निघणं फायद्याचं नाही. जुन्या बिलाची प्रत, मागच्या पट्टीचा आणि सीरियल नंबरचा फोटो जवळ ठेवा. अकरा वर्षांचा ॲम्प आहे, तुमचं काम सोपं आहे.

परतीचा_प्रवासी

अर्थिंगचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. नव्या घरात सॉकेट दोन पिनांचं निघालं तर तिसरी पिन तोडून ॲम्प लावायचा मोह होतो, हमसुद्धा कमी झाल्यासारखा वाटतो. करू नका. ॲम्पचं चेसिस, गिटारची जॅक आणि तारा या सगळ्या एकमेकांना जोडलेल्या असतात. आत काही बिघडलं तर अर्थची वायर ती वीज जमिनीत नेते. ती नसेल तर तुमची बोटं आहेत, आणि समोर दुसऱ्या लाइनवर जोडलेला माइक ओठांना लागला तर बघायलाच नको. बाहेरचा स्टेप-अप किंवा स्टेप-डाउन घ्याल तोही अर्थची पिन आत-बाहेर जोडणारा हवा. स्वस्त ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये ती नुसती दाखवायला असते, मीटर लावून बघा.

क्षमता ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट तरी घ्या. ॲम्प १५ वॅटचा म्हणून २० व्हीएचा घेणारे भेटलेत. १५ वॅट हा स्पीकरमधून निघणारा आवाज, भिंतीतून तो ८० ओढतो. ताईंना लागलाच तर २००चा घ्यावा आणि गिटारपासून, पेडलपासून लांब ठेवावा. सिंगल कॉइल पिकअप त्याचा हम हवेतून उचलतात.

सातवा_फ्रेट

तंत्रज्ञाकडून आले! टॅपच आहेत. १००, १२० आणि २४०. त्यांनी कारखान्याकडून सर्किट नकाशा मागवला, मीटरने प्रत्येक वायर पडताळली आणि मगच सांगितलं. मी विचारलं, आत्ताच बदलून द्याल का? ते म्हणाले, देतो, पण मग निघेपर्यंत वाजवता येणार नाही, शेवटच्या आठवड्यात आणा.

तसा नेला. १२०च्या टॅपवर वायर गेली, अर्ध्या अँपियरच्या जागी एक अँपियरचा फ्यूज आला. २३०ची वायर काळी नळी चढवून त्याच जुडीत बांधली. मागच्या पट्टीवरचा जुना आकडा झाकून त्यांनी स्वतःच्या हाताने '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' लिहिलं आणि खाली तारीख घातली. चेसिसच्या आतल्या बाजूलाही चिठ्ठी चिकटवली: कुठली वायर कुठे होती, कुठे नेली. म्हणाले, परत याल तेव्हा मी असेन नसेन, उघडणाऱ्याला समजलं पाहिजे.

सोल्डरगन

असा तंत्रज्ञ मिळणं भाग्याचं. त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. आणि एक सूचना: आता हा ॲम्प चुकूनही २३०च्या सॉकेटला लागता कामा नये. जुनी पॉवर कॉर्ड त्याच्यासोबत ठेवूच नका.

पोचल्यावर लगेच चालू करू नका. थंड गोदामातून उबदार खोलीत आला की आतल्या धातूवर दव धरतं. खोका उघडून किमान एक रात्र तसाच राहू द्या.

सातवा_फ्रेट

साडेतीन महिन्यांनी धागा वर आणतेय, क्षमस्व.

ॲम्प समुद्राने आला, सात आठवडे लागले. प्लायवूडच्या खोक्याचा एक कोपरा दबलेला होता, आतला फोमही दबला होता, पेटीवर ओरखडा नाही. लाल कागद सगळ्यात वर होता, रिव्हर्बखालचा पुठ्ठा त्यामुळेच आठवला. ट्यूब पाचही शाबूत, माझ्या हातातच होत्या. सोल्डरगन यांचं ऐकून एक रात्र थांबले, झोप मात्र नीट लागली नाही.

सकाळी स्पीकरची वायर दोनदा तपासली, ट्यूब क्रमांकाप्रमाणे बसवल्या, नवी कॉर्ड लावली. स्टँडबाय (उच्च दाब रोखून धरणारा स्विच) बंद ठेवून आधी फक्त पॉवर. मागे वाकून बघत राहिले. वीसेक सेकंदांत ईएल८४च्या आतली तार नारिंगी झाली, मग पाठोपाठ लहान तिन्ही. पूर्वी दिसायची तितकीच, ना जास्त ना कमी. दोन मिनिटांनी स्टँडबाय उघडला.

व्हॉल्यूम चारच्या जरा पुढे. जाड तार. गोल आला, मग कडेने खरखरीत झाला. हलक्या हाताने परत छेडली, स्वच्छ.

भिंती पातळ आहेत, हेडफोनवाला बरोबर होते, त्यामुळे रोज संध्याकाळी अर्धा तासच वाजवते आणि उरलेला वेळ लहान मॉडेलर. ट्रान्सफॉर्मर तासाभरानेही जेमतेम कोमट लागतो.

आणि हम बदललाय. गिटार हातात घ्यायच्या आधी सवयीने जुना सूर गुणगुणले आणि तो जुळेना. मग तारेवर शोधला. सोल्डरगन यांनी सांगितला होता तिथेच आहे, सहाव्या आणि सातव्याच्या मधे.